राखणीला गेलेली वाइन

आत्मारामकाका तोडणकर जहाजावर स्ट्युअर्ड होते. अधिकाऱ्यांना वाढायचं, ताटं उचलायची, बाटल्या उघडायच्या. एका बोटीवर कप्तानाची बायकोही सोबत होती. संध्याकाळी ती दोघं साधीशी लाल वाइन घेऊन बसत आणि बोलत राहत. जेवण गार व्हायचं, काका मागे उभे.

"काय बोलत असतील गं एवढं?" ते मला शेजारच्या कुंपणावरून विचारायचे. "मी फोन केला की तुझी काकू म्हणायची, पैसे पोचले. मी म्हणायचो, बरं. झालं."

निवृत्त होऊन भाट्याला घरी आले तरी संभाषण फारसं वाढलं नाही. तेव्हा काकांनी मनात घेतलं, आपणही पडवीत दोन ग्लास घेऊन बसायचं. कप्तानाची तरी कुठे महागडी होती? स्वस्तातली पण चांगली अशी एक वाइन सापडली की राजश्रीकाकू बसतील.

साळवी स्टॉपच्या दुकानाच्या पाटीवर 'वाइन शॉप' लिहिलंय. आत गल्ल्यावर समर्थ.

"वाइन दाखव रे."

"काका, रम घ्या. वाइन कोण पितं इथे?"

"मी."

"हार्टचं काय निघालं की काय?"

समर्थने स्टुलावर चढून पत्र्याखालच्या फळीवरून एक बाटली काढली, धूळ पुसली. हाताला चांगली कोमट लागली. घरी काकूंनी पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"कोकमाचं आगळ विटलं की असंच लागतं."

दुसरी बाटली गोडमिट्ट निघाली. "खोकल्याचं औषध. पण मला खोकला नाही," म्हणून त्या उठल्या.

"अगं, बस की जरा."

"बसून काय करू? भात टाकायचाय."

पुढे बरेच महिने काका शोधत होते. देवरूखला लग्नाला गेले तरी आधी दुकान गाठलं. शेवटी समर्थकडेच कुठल्याशा लहान कारखान्याचं खोकं आलं. रमच्या आसपासचाच भाव. काकांनी खोक्यातूनच दोन बाटल्या उचलल्या. एक एकट्याने चाखली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्याकडे आले.

"सापडली," ते म्हणाले. चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा. "रविवारी बसतो आम्ही."

बाकीच्या बाटल्या तोवर एका रिसॉर्टवाल्याने उचलल्या होत्या. उरलेली एक काकांनी ओल्या फडक्यात गुंडाळून माजघरात ठेवली.

रविवारी सकाळी ते जयगडला पुतण्याकडे गेले, ते उन्हं उतरल्यावर परतले. माजघरात फडकं वाळत घातलेलं. बाटली नव्हती.

"राजश्री, बाटली?"

"राखण होती ना आज. भिकाजी आला होता कोंबडा घेऊन. रम आणायची विसरला मेला. म्हटलं घरात आहे ती दे."

आमच्याकडे नारळाच्या वाडीत दगड मांडलेला असतो, तो वाडीचा राखणदार; त्याला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू देतात, तीच राखण. काका नसताना काकू वाडीतल्या गड्याच्या, भिकाजीच्या हातून ते करत आल्या. भिकाजी अजून नारळाखाली हात धूत होता.

"सगळी ओतली बघा दादा, थेंब ठेवला नाय," तो अभिमानाने म्हणाला. "पण आंबूस वास मारत होती. विटली असंल."

काका पायरीवर बसले. भिकाजी गेला.

"आपल्या दोघांसाठी ठेवली होती गं."

"तुमच्यासाठीच घातली की. दर वर्षी घालते. तुम्ही सुखरूप यावं म्हणून."

"आलोय ना मी आता. केव्हाचा आलोय."

काकूंनी सूप उचललं. "आलात. पण त्याला सांगितलं की बरं वाटतं. पोराच्या तापापासून सगळं त्यालाच सांगितलंय. सवय झाली."

"मला सांग."

"काय सांगू?"

काकू खरंच थांबल्या होत्या. सूप कमरेला लावून, काका काहीतरी विचारतील म्हणून.

"उद्या बोलू," ते म्हणाले.

"बरं."

तिन्हीसांजेला काकू दिवा घेऊन वाडीत गेल्या. दगडापाशी वाकून हळू आवाजात कितीतरी वेळ बोलत होत्या, मध्येच हसल्यासुद्धा. काका पडवीच्या टोकाला येऊन कान देऊन उभे राहिले. तिथून काही ऐकू येत नाही.