नवाच्या पाढ्यातले तडे

नामदेवरावांचा मला पहिल्या दिवसापासून हेवा वाटायचा. त्यांनाही माझा वाटायचा, पण ते कळायला मला वेळ लागला.

चिक्कडपल्लीत औषधांच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. बंदरातले धक्के ज्या काँक्रीटच्या खांबांवर उभे असतात, ते खांब पाण्याखाली तपासून अहवाल द्यायचा, हा हिम्मतरावांचा धंदा. पाणबुडे खाली उतरत, वर येऊन सांगत, आणि नामदेवराव ते कागदावर उतरवत. नांदेडकडच्या शेतकरी घरातला हा माणूस जामबागेतल्या मराठी शाळेत शिकला आणि ड्राफ्ट्समन झाला. वीस वर्षं त्यांनी पाण्याखालचे तडे काढले. स्वतःला पोहता येत नव्हतं.

पण काय काढायचे! बारीक पेनाने ओढलेली तड्याची रेघ अशी जिवंत असायची की कागदावर बोट फिरवलं तर कापेल. पाहुणे आले की हिम्मतराव नामदेवरावांचा खण उघडून बसत. माझी ओळख शेवटी, चहाचे कप उचलताना व्हायची. "आणि या ऋचा. पुण्याच्या. यंत्र बनवतात."

मी सत्त्याण्णव साली आले. परवान्यांची कटकट सुटली होती, परदेशी कॅमेरा तीन आठवड्यांत हातात पडत होता. दीड वर्ष खपून मी माझं यंत्र उभं केलं. गुडघ्याएवढी नळी, मागे पंखे, पोटात बॅटऱ्या, पुढे दिवे आणि कॅमेरा, शेपटीला चित्र वर आणणारी बारीक केबल. सगळे त्याला मासा म्हणत. गढूळ पाण्यात, बोटींच्या पंख्यांजवळ माणूस उतरवावा लागू नये, म्हणून हा मासा. आमचे जुने पाणबुडे अप्पाराव याच कामात दोन्ही कानांनी अधू होऊन घरी बसले होते.

ऑफिसात टीव्ही आला आणि माशाची पहिली टेप लागली, तेव्हा सगळे खुर्च्या ओढून बसले. नामदेवरावांनी आपलं टेबल भिंतीकडे फिरवलं आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक अर्धा तास निघत होतं. त्या दिवशी मला फार बरं वाटलं, हे कबूल करते.

मग बंदराने चाचणी ठेवली. मासा बरोबर ठरला तर सगळे धक्के त्याच्याकडे, नाहीतर परत पाणबुडे. सदतिसाव्या खांबावरचा तडा माशाने मोजला, बेचाळीस इंच. दोन वर्षांपूर्वी अप्पारावांच्या सांगण्यावरून नामदेवरावांनी काढलेल्या नकाशात तो छत्तीस होता.

बंदराचे साहेब ऑफिसात आले. म्हणाले, "तडा दोन वर्षांत सहा इंच वाढला असेल, तर मला धक्का बंद करावा लागेल. नसेल, तर तुमचं यंत्र चुकतंय. सोमवारी काय ते सांगा."

"पाण्यात वस्तू मोठी दिसते, साहेब," नामदेवराव भिंतीकडूनच बोलले. "म्हशी पण मोठ्या दिसतात."

"पण माशाच्या तोंडाशी पट्टी बसवलेली आहे, ती तड्याशेजारीच होती," मी म्हणाले. "ती त्याच पाण्यात होती. दोन्ही सारखेच मोठे दिसणार."

"मग पट्टी पण फुगली असेल!"

सगळे हसले. साहेबही हसले. धक्का बंद करण्यापेक्षा मासा चुकलेला त्यांना परवडत होता.

मी रागाने खण उघडला आणि नामदेवरावांचे जुने नकाशे काढून बसले. त्यांची एक तरी चूक सापडावी म्हणून दुपारभर आकडे उतरवले. अठरा. सत्तावीस. छत्तीस. चोपन्न. पुन्हा सत्तावीस.

"नामदेवराव," मी त्यांच्या टेबलापाशी गेले. "तुमचे तडे नवाचा पाढा कसे काय म्हणतात?"

त्यांनी वर पाहिलं. "म्हणजे?"

"अप्पाराव माप कसं सांगायचे?"

"हातानं. त्या काळोखात पट्टी कोण वाचणार? नालुगु जाना, म्हणजे चार वीत. वीत म्हणजे नऊ इंच. चार नव्वे छत्तीस. पुण्यात शिकवत नाहीत का?"

"वीत कुणाची?"

"वीत ही वीत असते, बाई!" त्यांनी पेन आपटलं. शाई उडाली. त्यांच्या कागदावर शाई उडालेली मी प्रथमच पाहिली.

रविवारी सकाळी ते माझ्या घराखाली स्कूटर लावून उभे होते, खिशात पोलादी पट्टी. "चला अंबरपेठेला, अप्पारावांकडे. तुमच्यासमोरच मोजतो. मग ते नवाच्या पाढ्याचं बोलणं नक्को."

अप्पाराव भाजीचे वाफे शिंपत होते. ओरडूनही त्यांना काही ऐकू येईना. शेवटी नामदेवरावांनी आपला पंजा ताणून दाखवला. अप्पाराव खुलले. "जाना! जाना!" म्हणत त्यांनी हात लुंगीला पुसला आणि ओट्यावर पसरला. सुपाएवढा पंजा.

नामदेवरावांनी पट्टी लावली. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा पट्टी उलटी करून लावली. साडेदहा इंच.

मी मनातल्या मनात गुणाकार केला. साडेदहा चोक बेचाळीस. तडा वाढला नव्हता, धक्का ठीक होता, मासा बरोबर होता. अप्पारावांच्या मापावरचा वीस वर्षांतला प्रत्येक नकाशा मात्र तोकडा होता.

अप्पारावांनी लाडाने नामदेवरावांचा हात आपल्या हातावर ठेवून मोजला आणि खो खो हसले. नामदेवरावांची वीत जेमतेम आठ इंच भरली.

परतताना ते सिग्नलला थांबले तेव्हा मान न वळवता म्हणाले, "उद्या तुम्हीच सांगाल ना?"

"हो," मी म्हणाले. मला ते सांगायचंच होतं. रात्रभर मी वाक्य घोळवलं. त्यात "नम्रपणे" हा शब्दही घातला.

सोमवारी साहेब बसले. हिम्मतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेप लावायला उठले, तेवढ्यात भिंतीकडची खुर्ची सरकली.

"साहेब, यंत्र बरोबर आहे. माझं चुकलं." नामदेवरावांनी टेबलावर ट्रेसिंगचा कागद उलगडला. त्यावर अप्पारावांचा पंजा, नखांसकट, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत बाणांची रेघ आणि वर सुबक अक्षरांत माप. खाली नामदेवरावांची सही. "वीस वर्षं मी नऊ इंच धरले. हा माणूस साडेदहाचा. अप्पारावांनी मोजलेले सगळे नकाशे मी दुरुस्त करून देतो."

साहेबांनी तो पंजा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला. मग उठून नामदेवरावांचा हात हातात घेतला. "अपनी गलती का नक्शा बनाके लाया! हिम्मतरावजी, ऐसा आदमी कहाँ मिलता?"

मी माझ्या वाक्यासकट खाली बसले.

माशाला काम मिळालं. सगळे धक्के. साहेबांनी एकच अट घातली. माशाची प्रत्येक टेप आधी नामदेवरावांनी पाहायची, आणि अहवालात तडा त्यांच्या हातचाच हवा.

नामदेवरावांनी टेबल टीव्हीकडे फिरवलं. "लावा, ऋचाबाई," ते म्हणाले. "आणि जरा बाजूला व्हा, दिसत नाही."