मुऱ्हाळी

मी माहेरचं घर सोडलं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी. शहाद्याच्या स्टँडवर आम्ही दोघी बहिणी एकदमच उभ्या होतो. धाकटी सुरेखा नवापूरला सासरी निघाली होती आणि मी नाशिकला, कुणाकडेच नाही. भाऊ पंकजने नवापूरच्या गाडीच्या खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, तिच्या मांडीवर केळी ठेवली, गाडी हलेपर्यंत खिडकीशी उभा राहिला. मला म्हणाला, "ताई, नाशिकनी गाडी तिकडे लागस." रुमाल एकच होता, हे मलाही समजत होतं. तरी अंगाचा तिळपापड झाला.

तुम्ही म्हणाल, सख्ख्या बहिणीवर जळते. जळत होतेच. नवऱ्याचा मार सोसवेना म्हणून माहेरी परत आले, तेव्हापासून जळत होते. आमच्याकडे आखाजीला सासरी असलेल्या मुलीला आणायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. पंकज सुरेखाला घेऊन आला की तिने निंबाच्या झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची. वहिनी स्वतःच्या माहेरी गेलेली, त्यामुळे मांडे करायला मी. पुरणाचा उंडा हातांवर फिरवत कोपरापर्यंत पसरायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. ऐन उन्हाळ्यात त्या धगीने भुवया भाजतात. एकदा मदतीला सुरेखाला हाक मारली तर आई म्हणाली, "तिले काम सांगू नको, ती पाव्हनी शे. तू ते घरनीच शे." आईने ते मायेनेच म्हटलं असेल. मला मात्र त्या घरात मी कोण ते कळलं. जिला कुणी आणायला जात नाही, ती.

नाशिकला मसाल्याच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं, सिडकोत रूम मिळाली. सुरुवातीला सिलिंडरचा रेग्युलेटर बसवायलाही शेजारणीला बोलवायची. जिन्यात पाय वाजले की मी दाराची कडी पुन्हा तपासायची. भांडं हातातून सुटलं की आता मार बसणार म्हणून अंग आपोआप चोरलं जायचं. एका रविवारी पातेलं पडलं आणि मी ते नुसतंच उचलून ठेवलं. ठेवल्यावर लक्षात आलं की आज घाबरले नाही. शिफ्ट, भाडं, आजारपण, सगळं एकटीने निभावायला शिकले. पण आखाजी आली की सुरेखाचे झोक्यावरचे फोटो मोबाईलवर यायचे, आणि मी लाइक करून फोन पालथा ठेवायची.

यंदा दार वाजलं. बाहेर पंकज, घामाघूम. "ताई, आखाजीले तुले लेवाले उनू."

मी त्याला दोनदा चहा पाजला आणि शेजारणीला दिसावं म्हणून दार सताड उघडं ठेवलं. मला न्यायला मुऱ्हाळी आला होता माझ्या दारी!

घरी गेले आणि थेट झोक्यावर बसले. आईचे हात आता दुखतात, त्यामुळे मांडे करायला सुरेखाच बसली. मी उठले नाही. मग ती घाम पुसत निंबाखाली आली.

"तुन्ही रूममा तुन्हासंगे कोन ऱ्हास?"

"कोन्हीच नही."

"कामवरथीन उशिरा उनी ते? कोन इचारस?"

"कोन्ही नही इचारत."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी झोका थांबवला. ती नजर मला पाठ होती, इतकी वर्षं मीच ती वागवत होते. खोटं कशाला बोलू, आधी बरंच वाटलं. मग तिने खाली बघत विचारलं, "दोन दिन मी उनी ते चाली का?" का, ते मी विचारलं नाही. जिथे कुणी काही विचारत नाही, अशा जागी तिला दोन दिवस राहायचं होतं.

"एकली नको येऊ," मी म्हटलं. "मी येसू तुले लेवाले."

पुढच्या महिन्यात मी नवापूरला जाऊन तिला घेऊन आले. माझ्या रूमवर ती उशिरापर्यंत झोपली, मी चहा हातात दिला, भांड्यांना हात लावू दिला नाही. आता सुरेखाला दोन माहेरं आहेत. त्याचाही मला थोडा हेवा वाटतो, कारण मला एकच आहे.