तिसऱ्याची मध्यस्थी

अण्वस्त्रांतलं मला जेवढं कळतं तेवढं नगरला लागून असलेल्या आमच्या सगळ्या केडगावात कुणाला कळत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. हायस्कूलवर नागरिकशास्त्र शिकवायचो. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर आपण सही का केली नाही, हे मी इतक्या तुकड्यांना समजावलं की शेवटी शेवटी माझीच झोप अनावर व्हायची. निवृत्त झालो, वर्ग गेला, तोंड मात्र तसंच राहिलं. मग मला सलून सापडलं. तिथं दाढीला बसलेला माणूस उठून जाऊ शकत नाही.

"गॅसचा नंबर लावायला जमत नाही, अन् निघाले बाँब आवरायला," बायको म्हणायची. तिचं बरोबर होतं, म्हणून मी तिला उत्तर देत नसे.

त्या उन्हाळ्यात सीमेवर तणाव वाढला आणि माझा भाव एकदम वधारला. नगर हे लष्कराचं गाव. सरावाच्या तोफा ऐकत लहानाचे मोठे झाल्यामुळं युद्धातलं आपल्याला जरा जास्तच कळतं, असं इथं प्रत्येकाला वाटतं. मला तर फारच. सकाळी दहाच्या ठोक्याला मी सलूनच्या बाकावर हजर असायचो. दाढी आदल्या दिवशीच झालेली असायची.

एके दिवशी खुर्चीत कुणीतरी मागं रेलून पडलं होतं, तोंडावर गरम टॉवेल. मी सुरू झालो. "आपलं धोरण काय? अण्वस्त्र आधी आपण वापरायचं नाही. समोरच्यानं तसा शब्द दिलेला नाही. त्याला वाटतं, बाँबच्या भीतीनं हे गप्प बसतील. आपण बसायचं नाही. आणि तिसऱ्याची मध्यस्थी तर आपल्याला मान्यच नाही. दोघांतलं दोघांनीच मिटवायचं."

"पर सर, त्यांनी अनुबाँब टाकला तर?" सलूनवाल्यानं वस्तऱ्यात ब्लेड बसवत विचारलं.

"टाकत नाही रे. एकदाचं होऊनच जाऊ दे. आपली दोन-चार पोरं जातील, तेवढं सोसावंच लागतं."

टॉवेल हलला. खालून आवाज आला, "मास्तरांना इचार, त्या दोन-चारांत आमचं पोरगं धरलंय का न्हाई."

तो माझा थोरला भाऊ होता.

आमच्यात सहा वर्षं अबोला होता. राहुरीकडच्या जमिनीतला हातभर बांध. त्यानं कोरला असं मी म्हणायचो, मी कोरला असं तो. आधी आपण बोलायचं नाही, हे धोरण मात्र दोघांनी काटेकोर पाळलं. लग्नाकार्यात गाठ पडलीच तर मध्ये कुणाला तरी धरून बोलायचं, "त्यांना म्हणावं, जेवून घ्या." कुणीच नसलं तर दावणीच्या म्हशीला सांगायचं. आणि मी दोन मिनिटांपूर्वी मध्यस्थी मोडीत काढत होतो.

त्याचा मुलगा फौजेत होता, ऐन सीमेवर. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्याच वर्गातला तो. भरतीला जा म्हणून मीच त्याच्या मागं लागलो होतो, आणि तो पहिल्यांदा गणवेशात आला तेव्हा आपला विद्यार्थी म्हणून गावभर मिरवलो होतो. बोलण्याच्या भरात तो माझ्या डोक्यातून साफ निसटला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

आणि तरी मी काय केलं? सलूनवाल्याकडं वळून म्हणालो, "त्यांना सांग, मला तसं म्हणायचं नव्हतं."

फेसाचा ब्रश हातात धरून तो बिचारा एकदा माझ्याकडं, एकदा भावाकडं बघत राहिला. "मी काय सांगू सर? तात्यांना ऐकू आलं की."

मी उठून खुर्चीपाशी गेलो. "दादा, त्याचा शेवटचा फोन कधी आला?"

भावानं आरशातसुद्धा माझ्याकडं पाहिलं नाही. सलूनवाल्याला म्हणाला, "चार दिस झालं म्हणावं. त्याच्या आईनं अन्नाला हात लावला न्हाई म्हणावं."

"चार दिवस झाले, सर," सलूनवाला पुटपुटला. पुढचं सोडून तो फेस लावायला लागला.

त्याची दाढी होईपर्यंत मी बाकावर गप्प बसलो. माझ्या हिशेबानं हा गप्प बसण्याचा विक्रमच होता. मग बाहेर येऊन स्कूटर चालू केली आणि म्हणालो, "बस दादा. वहिनीकडं जाऊ." तो मागं बसला. त्यानं माझा खांदा घट्ट धरला होता, सोडतच नव्हता. खड्ड्यांमुळं असेल, अशी मी माझी समजूत घातली. पण तो रस्ता महिन्यापूर्वीच नवा झाला होता.