मागच्या बंपरवरचे स्टिकर

गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं, आणि दुपारी बारापासून मी बाबांच्या गाडीमागे गुडघे टेकून बसलो होतो. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मागची बाजू भिंतीकडे करून उभी. टायर चपटे, इंजिन बसलेलं. आज सकाळी चौघांनी ढकलली, तेव्हा कुठे मागे बसण्यापुरती पुढे सरकली. नालासोपाऱ्याचा एक भंगारवाला दोनदा बघून गेला. "गॅसकटरने अर्ध्या दिवसात तुकडे करून नेतो," असं तो आईसमोरच म्हणाला. त्या दिवशी आई जेवली नाही.

मग जूचंद्रचा एक गॅरेजवाला भेटला. जुन्या गाड्या पुन्हा रस्त्यावर आणायचं त्याला वेड. गाडी त्याला आवडली, पुढचा बंपरही पसंत पडला, पण घोडं मागच्या बंपरवर अडलं. त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत स्टिकर. "हे काढून ठेवा, खालचं क्रोम बघू दे. गंजलं असेल तर मला नको," म्हणाला. म्हणजे हा नाही, तर तो गॅसकटरवाला.

स्टिकर काढायला असा कितीसा वेळ लागतो, असं मला वाटलं होतं. कुणालाही वाटेल. वरचा कागद नखाने निघतो आणि खालचा गोंद तुमच्याकडे बघत बसतो. साबणाचं पाणी झालं, पेट्रोल झालं. मुलीचा केस वाळवायचा ड्रायर आणून गरम हवा मारली, तर गोंद बंपर सोडून माझ्या बोटांना चिकटला. मग डोकं फिरलं आणि मी स्वयंपाकघरातली तारेची घासणी उचलली. दोनच हात मारले. चकचकीत क्रोमवर बारीक रेघांचं जाळं उमटलं. मी स्वतःलाच अशी शिवी हासडली, की पलीकडे केळीला पाणी सोडणारा शेजारी वळून बघायला लागला.

शेवटी खोबरेल तेल कामी आलं. तेलात भिजवलेला कापूस पाव तास ठेवायचा आणि मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने गोंद ढकलत न्यायचा. निघत होतं, पण असं की बघणाऱ्याला झोप लागावी.

आणि बघायला आई होतीच. स्टूल टाकून, मांडीवर पितळी ताट घेऊन. आमच्याकडे दरवर्षी सणाला चर्चच्या पटांगणात गाड्यांना आशीर्वाद देतात. टेम्पो, रिक्षा, स्कूटर, सगळे रांगेत उभे राहतात. फादर पवित्र पाणी शिंपडतात आणि संताचं चित्र आणि साल छापलेला एकेक स्टिकर देतात. बंपरवरचे सगळे स्टिकर तेच. त्यामुळे निघालेली प्रत्येक चिंधी आईला ताटात हवी होती.

"कचऱ्यात नको टाकू रे. पवित्र पानी पडलंय त्याच्यावर."

"आई, हा नुसता गोंद आहे!"

"गोंदावर पन पडलंय. चर्चमधून आनलेल्या पवित्र झावळ्या जुन्या झाल्या की जाळतो, तसं हे पन जाळू."

"प्लास्टिक आहे. जळणार नाही, वितळेल."

"मग मातीत पुरू. तू काढ."

अडीच वाजले. पाठ मोडली होती. बाबांचे स्टिकर एका रेषेत, पट्टी लावून चिकटवावेत तसे. ते संपले आणि उजव्या टोकाकडे आलो, तर तिथले वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले. धूळ पुसून साल वाचलं. मागच्या वर्षीचं! त्याच्या शेजारचा त्याच्या आदल्या वर्षीचा. असे पाच, बाबा गेल्यानंतरचे. भिंत आणि गाडी यांच्यातल्या तेव्हाच्या वीतभर फटीत हात घालून कुणीतरी ते न बघता चिकटवले होते. आणि मी इथे तासन्‌तास खरवडत होतो!

"हे तू लावलेस?" माझा आवाज चढला. "गाडी जागची हलत नाही. उभ्या गाडीला कसला अपघात होणार होता?"

आई ताटातल्या चिंध्या बोटाने गोळा करत राहिली.

"गाडीसाठी नाय लावले. तुझ्यासाठी लावले. तुझ्या नव्या गाडीला लावायला गेले, तर तू बोललास, रंग खराब होतो, काय चिकटवायचं नाय. रोज हायवेवरून जातोस-येतोस. मग मी कुठं लावनार होते?"

मी तसं बोललो होतो. फक्त बोललो नव्हतो, तिच्या हातातून स्टिकर घेऊन तो डॅशबोर्डच्या खणात कोंबला होता, आणि पुढच्या वर्षीपासून तिने मला विचारलंच नाही. मला माझीच लाज वाटली. तरीही हात थांबवून चालणार नव्हतं. उरलेले पाच मी तेल लावून, एकेक करून काढले आणि प्रत्येक चिंधी स्वतः तिच्या ताटात ठेवली.

गॅरेजवाला चारला आला. उकिडवा बसून त्याने बंपरवर अंगठा फिरवला, माझ्या रेघा बघून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "पॉलिशने जातील. माल चांगलाय. उद्या टोइंग घेऊन येतो."

तो गेला. आईने ताट खाली ठेवलं आणि प्रार्थनेच्या पुस्तकातून एक कोरा स्टिकर काढला. पाठीचा कागद अजून तसाच होता. सण मागच्याच रविवारी झाला होता.

"गाडी तर चालली," ती म्हणाली. "यंदाचा कुठं लावू?"