गाईचं, म्हशीचं की बकरीचं

आमचा थोरला सव्वा वर्षाचा झाला आणि भिंत चाटायला लागला.

तेव्हा आम्ही इंदूरला कृष्णपुऱ्यात, नदीकाठी राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांच्या मागे दोन खोल्यांत राहत होतो. घरात मी, मुलगा आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. राज्य नवं झालं होतं, कचेऱ्या भोपाळला हलल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर माझे यजमानही. ते शनिवारी यायचे. मामंजींची सगळी नोकरी महाराजांच्या पागेत, घोड्यांमध्ये गेली होती. आता ते दिवसभर नातवाकडे बघत बसत.

मी शेगडीपाशी असले की हा भिंतीला दोन्ही हात टेकायचा, डोळे मिटायचा आणि चुना चाटायचा. ओढून आणलं की आकांत. मला रागापेक्षा नवल जास्त वाटायचं. खिमटीचा घास थुंकून टाकणाऱ्या पोराला भिंतीत असं काय सापडतं? एका दुपारी मामंजी झोपलेत असं बघून मी स्वतःच त्या जागेला जीभ लावली. थंड, धुळकट, जराशी खारट. डोळे मिटावेत असं त्यात काही नव्हतं.

जो तो एकच सांगायचा, पोराला दूध कमी पडतंय. हाडांना हवं ते मिळत नाही म्हणून चुना खातो. तो तर दिवसभर बाटलीने म्हशीचं दूध पीत होता. मग दूधच चांगलं नसेल, असं मी धरून चालले.

आधी गाईचं आणायचं ठरवलं. आमच्या दूधवाल्या भियाला विचारलं तर तो हसायलाच लागला. "गाय का दूध? उसमें मलाई कहाँ आती है, बाई!" शेवटी पुलापलीकडच्या एका घरून रतीब लावला. मुलगा आवडीने प्यायला आणि पुन्हा भिंतीशी गेला.

शेजारच्या माळवी बाई म्हणाल्या, "छोरे को गाय-भैंस का पचता नी है. बकरी का पिलाओ." त्यांच्या ओळखीची एक बकरी रोज दारात यायला लागली. मुलाला ती फार आवडली. दूध काढेपर्यंत तो तिचा कान धरून उभा राहायचा. दूधही आधीपेक्षा जास्त प्यायला लागला, आणि आता भिंतीबरोबर उंबराही चाटायला लागला.

त्या शनिवारी यजमानांनी महूच्या एका दुकानातून दुधाच्या पावडरचा डबा आणला. मामंजींनी झाकण उघडून वास घेतला. "कुठल्या जनावराचं, ते तरी लिहिलंय का यावर?"

"मामंजी, तुम्हीच सांगा मग, काय द्यावं?"

त्यांनी डबा खाली ठेवला. "सूनबाई, पागेत शिंगरू माती चाटायला लागलं की आम्ही सैंधवाचा खडा टांगायचो. दूध नाही बदलायचो. दूध त्याच्या आईचंच असायचं."

"आणि खड्यानं नाही थांबलं तर?"

"तर ते दुधाशिवाय दुसरं काय खातंय, ते बघायचो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच दाराला सुतळीने सैंधवाचा खडा बांधला. मुलाने एकदा चाटला, तोंड वाकडं केलं आणि तो भिंतीकडे गेला. मामंजी हसले, पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. दुसरं काय खातो हा? मी आठवून बघितलं. सकाळी दूध, मग पुन्हा दूध, दुपारी भाताचे दोन घास, तेही थुंकलेले, आणि काही खाल्लं नाही म्हणून परत दूध.

मी त्याला उचललं आणि बाजारातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मुलाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून मला दाखवली. "इथे लाल दिसायला हवं. बघा, किती फिकट आहे. दूध किती पितो?"

"मागेल तेवढं देते," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"आणि जेवतो कधी?"

"त्याला भूकच लागत नाही."

"कशी लागेल? पोट दुधाने भरलेलं असतं." मग त्यांनी समजावलं. दुधात पुष्कळ काही असतं, पण रक्ताला लागतं ते लोह जवळजवळ नसतं. रक्त कमी पडलं की काही मुलं माती खातात, चुना चाटतात.

"पण चुनाच का?" मी विचारलं. "त्यात लोह असतं?"

"नसतं. मग का चाटतात, ते मलाही नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून असं मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला त्या आवडल्या.

"मग दूध कुठलं देऊ?"

"गाईचं द्या नाहीतर म्हशीचं, उकळून आणि साय काढून. नुसत्या बकरीच्या दुधावर ठेवू नका, त्यानेही रक्त कमी पडतं. पण दिवसाला दोनच कप, जेवण झाल्यावर. आणि बाटली बंद. मटण खाता ना घरी?"

"खातो, पण एवढ्याशा पोराला?"

"कलेजी शिजवून बारीक करा. मसूर द्या, पालक द्या." आणि लोहाचं औषध लिहून दिलं.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. बाटलीची वेळ झाली की मुलगा घर डोक्यावर घ्यायचा. मग मामंजी त्याला खांद्यावर घेऊन नदीकडे निघून जायचे. अशाच एका दुपारी दोघं परतले आणि मामंजी जेवायला बसले. मुलगा रांगत त्यांच्या ताटाशी गेला, त्याने कलेजी-भातात हात घातला आणि मूठ तोंडात कोंबली. मी वाढायची थांबले. त्याने दुसरी मूठ घेतली.

भिंत त्याने नेमकी कधी सोडली, ते मला सांगता यायचं नाही. पुढे कधीतरी लक्षात आलं, त्याचे चुन्याने पांढरे झालेले ओठ पुसून बरेच दिवस झालेत. दूध पुन्हा म्हशीचंच सुरू केलं. दोन कप तो प्यायचा, कधी एकच प्यायचा.

दुपारचं जेवण मात्र मला पुन्हा त्याला भरवू दिलं नाही कुणी. आजोबा आणि नातू एकाच ताटात जेवायचे, आणि ताट पुसून रिकामं केल्याशिवाय दोघांपैकी कुणीही उठायचं नाही.