गाठीमामा आणि माझा डावा कान

गाठीमामा आमच्या घरी आले की आधी माझा कान बघायचे. पायांवर पाणी घेणं, आक्काला, म्हणजे माझ्या आईला, कशी आहेस विचारणं, हे सगळं नंतर. मला उजेडाकडे वळवायचे, डाव्या कानाची पाळी ओढून आत डोकवायचे आणि आईला सांगायचे, "वाहतोय अजून."

आई म्हणायची, "वाहू दे रे. आधी बस तरी."

कान वाहण्यात नवल काही नव्हतं. आमच्या पाटोद्यात निम्म्या पोरांचे वाहायचे. पण माझा मात्र मामांच्यामुळे वाहत होता, असं मामांचं ठाम मत. ते कसं, ते सांगते.

मामांचं गाव मांजरेच्या काठी. तिथल्या डोहावर निजाम सरकारचे एक बडे अंमलदार, मोहतमीम साहेब, गळ टाकायला यायचे. वेताची काठी, काठीच्या टोकाला बारीक कडी, खाली हाताशी पितळी चरखी. चरखीवर दोरी गुंडाळलेली. मासा लागला की दोरी कडीतून सुटत जायची, मासा दमला की चरखी फिरवून ओढायची. मामा साहेबांची छत्री धरायचे. साहेबांची बदली झाली तेव्हा ते खूश होऊन काठी अन् चरखी मामांनाच देऊन गेले. दोरी मात्र बहुतेक माशांनी नेलेली, हातभर उरली होती. तसली दोरी हैदराबादेशिवाय मिळेना, म्हणून मामांनी जोडायला घेतली. पटव्याकडचं रेशीम, अंबाडीचा पीळ, कुणाचा जुना करगोटा, गाव देईल ते घ्यायचं, जवसाच्या तेलात मुरवायचं आणि गाठ मारायची. दोरीवरून बोट फिरवत ते सांगायचे, "ही पाटलीणबाई. हा सुताराचा करगोटा. हितून पुढं कासाराची म्हातारी."

माझ्या वेळी आई बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिला डोहाळे लागले मरळ माशाचे. सासर माळकरी, तिथं नाव काढायची सोय नव्हती. भोयांनी मासा घरपोच दिला असता. पण मामा म्हणाले, "बहिणीचे डोहाळे इकत कावून आणायचे? आपली चरखी हाय की!"

रोज डोहावर जाऊन बसले. अखेर मरळ लागली. दोरी सुटली. पाटलीणबाई गेली, सुतार गेला, आणि कासाराच्या म्हातारीची गाठ कडीत अडकली. गाठ चांगली दणकट होती, बोराएवढी. बोराएवढी म्हणूनच अडकली. दोरी तुटली, मरळ गेली, आणि दुसऱ्या दिवशी आईला, मासा न खाताच, मी झाले. डोहाळे राहिले की लेकराचा कान फुटतो, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. माझा फुटला.

तिथून पुढं मामा बारीक गाठीच्या मागे लागले. दोन दोऱ्या शेजारी निजवायच्या, हिनं तिला वेढे द्यायचे, तिनं हिला, टोकं मधल्या फटीतून काढायची, थुंकी लावायची आणि हळूहळू ओढायचं. "कोरडी गाठ आवळू न्हाई," म्हणायचे, "आतल्या आत जळती." चंचीत सुपारीशेजारी एक तारेची कडी असायची. प्रत्येक गाठ त्या कडीतून डोळे मिटून ओढायची. जरा अडखळली की कापून पुन्हा. मामी म्हणायची, "लोकायचे नवरे तंबाखू मळतेत, आमचे गाठी मळतेत."

माझ्या लग्नात भटजींनी शेल्याला गाठ मारली. मामा पुढं झाले, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "लई जाड झाली." सोडून बारीक मारून दिली. सासूबाईंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मामा थुंकी लावायला निघाले, तेवढं मामीनं अडवलं.

आई त्याच्या आधीच गेली होती. त्यामुळे मला दिवस गेले तेव्हा नांदूरघाटला माझ्या सासरी मामाच गाडी घेऊन आले. कान बघितला. मग विचारलं, "डोहाळे कशाचे?"

"चिंचेचे."

"मरळीचे न्हाईत?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, "मरळीचे पण."

"मग चल."

डोहाच्या काठी मी आणि मामी दगडावर बसलो. मामी म्हणाली, "पोरी, आज न्हाई लागली तर हे तुला हितंच बाळंत करतेत बघ." तेवढ्यात लागली. दोरी सुटली. पाटलीणबाईची सून गेली, सुताराचा पोरगा गेला. कासाराची म्हातारी जुनी होती तीच, तिला मामांनी काढून टाकलं नव्हतं. तिची नवी गाठ कडीपाशी आली. मामांनी श्वास धरला. गाठ गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

मामा ओरडले बिरडले नाहीत. चरखी फिरवत राहिले. मरळ काठावर आली तसे मटकन खाली बसले आणि म्हणाले, "आक्का, घे गं, आली तुजी."

मामीनं कालवण केलं. मीठ जास्त पडलं होतं. मी सगळं खाल्लं. हात धुवायला परसात गेले तेव्हा पदराचं टोक पिळून कान आतपर्यंत पुसला, कारण आता उजेडाकडे वळवणार हे मला ठाऊक होतं. मामांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "सुकला," म्हणाले.

"बगू?" मामीनं कानात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "सुकला की," म्हणाली.

माझ्या लेकाचे दोन्ही कान चांगले निघाले. मामांना काय आनंद! त्यानंतर कधीही अंगणात त्यांची हाक आली की मी आधी माजघरात जायची, पदर कानाला लावायची, मग पाणी घेऊन बाहेर. मामा बघायचे आणि म्हणायचे, "गाठ धरली बघ."

मामा गेल्याचा निरोप आला, तो मला पहिल्यांदा नीट कळलाच नाही. सांगणारा डाव्या बाजूला उभा होता. त्याला पुन्हा बोलावं लागलं.

आहे तशी निघाले. गाडी नदीच्या वाटेला लागल्यावर डोळे टिपायला पदर घेतला, तर टोक आधीच ओलं होतं. निघताना मी कान पुसून घेतला होता.