तिथीची पाऊणपट

आत्याला तारीख विचारली की ती कानांवर हात ठेवायची. वार विचारला तर समोर असेल त्याच्याकडे बघायची, म्हणजे तो सांगेल. तिथी मात्र तिला झोपेतून उठवून विचारावी.

खाडीच्या तोंडाशी तिच्या भाच्याचा होड्या दुरुस्त करायचा कारखाना होता. कागदोपत्री मालक भाचा. पण पत्र्याच्या त्या शेडमधलं पान आत्याच्या हुकमाशिवाय हलत नसे. होडी कधी वर ओढायची, कधी पाण्यात सोडायची, हे तीच ठरवायची, आणि ठरवायची चंद्राच्या हिशेबाने. त्यासाठी आकाशाकडे मान वर करायची तिला कधी गरज पडली नाही. शेडच्या दारामागे खिळ्याला कॅलेंडर लटकलेलं असे. त्याच्या प्रत्येक चौकोनात कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेली तिथी, बस्स, तेवढं तिला पुरायचं.

हिशेब वडिलांनी शिकवलेला आणि अगदी सोपा. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल तितक्या वाजता भरतीचं पाणी पुरं चढलेलं असतं. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पंधरवडा संपला की पुन्हा पहिल्यापासून. "पाणी रोज पाऊण तास उशिरा येतं, आपल्या रंगाऱ्यासारखं," असं ती म्हणायची, आणि रंगारी बिचारा खाली मान घालून ब्रश धूत राहायचा.

अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पाणी उंच चढे. जड होड्या सोडायच्या त्या तेव्हाच. अष्टमीच्या सुमाराला पाणी मरगळे आणि कारखान्यातही सामसूम असे. त्यामुळे आत्याच्या आयुष्यातलं बाकीचं सगळं अष्टमीला उरकलेलं होतं. दाढ काढली अष्टमीला, घराला रंग दिला अष्टमीला. भाच्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडच्यांनी पौर्णिमा सुचवली, तर हिने तोंड वाकडं केलं. "पौर्णिमेला? त्या दिवशी मला मरायला फुरसत नसते." शेवटी मुलीकडचे नमले आणि भाचेसून अष्टमीला घरात आली.

भाचेसून अशा गावाहून आली होती जिथे पाणी येतं ते नळाला, तेही सकाळी. आल्यावर पहिले काही महिने ती नुसती धक्क्यावर उभी राहून बघायची. मग दोर हाती आला. मग दोर ओढणारी माणसं तिच्या इशाऱ्यावर ओढायला लागली. अकरा वर्षं झाली, पण तिच्या तोंडून एकावेळी चार वाक्यं कुणी ऐकली नव्हती. आत्या तिला प्रेमाने 'आमची मुकी' म्हणायची. पाऊणकीचा पाढा तिला शिकवलाही होता. पाणी कितीला हे सांगायचं काम मात्र आत्याने कुणाला दिलं नव्हतं. द्यायचं तर होतं. पण कमरेला किल्ल्या असल्या की चालताना बरं वाटतं, त्यातलीच गत.

वर्षभर कॅलेंडरमधली ती बारीक अक्षरं आत्याला दिसेनाशी झाली होती. "जरा वाच गं, चष्मा घरी राहिला," असं ती म्हणायची. चष्मा गळ्यातच लटकलेला असे. अखेर भाचेसुनेने तिला धरून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा अगदी पिकलेला.

"येत्या गुरुवारी करून टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"गुरुवारी कोणती तिथी?"

डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं. "तिथी?"

"मला अष्टमी द्या. अष्टमीला एकदम दोन्ही डोळे करा, मी हू की चू करणार नाही."

"मावशी, मला इतर दवाखान्यांतही जायचं असतं. गुरुवार नाही तर मग एकदम दीड महिन्याने."

"गुरुवार लिहा," भाचेसून मागून म्हणाली.

आत्याला इतकं आश्चर्य वाटलं की घरी येईपर्यंत तिला भांडायचंही सुचलं नाही.

आता त्या आठवड्यात नेमकी पैलतीराची लाँच शेडमध्ये होती. खाडीच्या पलीकडच्या माणसांची ने-आण करणारी ती एकच लाँच. ती महिनाभर इथे रुळांवरच्या गाड्यावर चढून बसली होती आणि तिकडची माणसं पुलाला वळसा घालून दीड-दीड तास प्रवास करत होती. त्यातली निम्मी रोज फोन करून आत्याचं डोकं खायची. या अमावास्येच्या भरतीला लाँच पाण्यात जाईल, असा आत्याने शब्द दिला होता. अमावास्या सोमवारी झाली. मंगळवारी लाँच सोडायची, तर पंख्याचा दांडा आला नाही. दांडा उगवला बुधवारी दुपारी, दीडची भरती येऊन गेल्यावर. तो बसवता बसवता दिवस मावळला. राहता राहिला गुरुवार. त्यानंतर पाणी उतरणीला लागणार होतं आणि एवढ्या जड लाँचला मग पंधरा दिवस थांबावं लागलं असतं.

बुधवारी संध्याकाळी आत्या दवाखान्याची पिशवी भरून शेडच्या दारात उभी होती. "उद्याची तिथी बघ," ती म्हणाली.

भाचेसुनेने कॅलेंडर बघितलं. "चतुर्थी."

"चार पाऊण तीन. तीनला पाणी पुरं. पावणेतीनला गाड्याच्या पाचरी काढा, त्याआधी हात लावू नका. आणि फोन सगळ्यांचे पेटीत टाकून कुलूप घाला. मागे एकाचा कानाशी होता नि दोर सुटला, आठवतंय ना?"

भाचेसून तिच्याकडे जरा वेळ बघत राहिली. "बरं," म्हणाली.

खरं सांगायचं तर आत्या घाबरली होती. वादळात तुटलेल्या दोराला लोंबकळणारी ही बाई, पण डोळ्यात पातं जाणार या विचाराने दोन रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणाला कळलंही नाही, अशी तिची खात्री होती.

शस्त्रक्रिया वीस मिनिटांत आटोपली. आत्याला चक्क फसवल्यासारखं वाटलं. एवढ्यासाठी आपण दोन रात्री जागलो? नर्सने चहा दिला, डोळ्यावर पट्टी ठीक केली आणि चारपर्यंत पडून राहायला सांगितलं. थेंब पंधरा दिवस घालायचे होते. पंधरा दिवस म्हणजे कुठपर्यंत, हे आत्या पडल्या पडल्या बोटांवर मोजायला लागली. मंगळवारी प्रतिपदा. काल द्वितीया. आज चतुर्थी.

तिचा अंगठा बोटाच्या पेरावर थांबला. तृतीया कुठे गेली?

तृतीयेचा क्षय होता. एखादी तिथी सूर्य उगवल्यानंतर सुरू होते आणि दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवायच्या आत संपते, मग कॅलेंडर तिला चौकोन देत नाही, सरळ पुढच्या तिथीवर उडी मारतं. पाणी उडी मारत नाही. ते आपलं रोजच्यासारखं पाऊण तास पुढे सरकतं. काल दीड, तर आज सव्वादोन. तीन नव्हे. तीन वाजता पाणी वीतभर उतरलेलं असणार, आणि लाँच गाड्यावरून हलणार नाही.

ही चूक तिने आयुष्यात एकदा केली होती, चोवीस वर्षांची असताना. वडिलांनी पहिल्यांदाच सगळं तिच्यावर सोपवलं होतं. त्यांना कळत होतं, पण ते बोलले नाहीत. होडी पंधरा दिवस अडकली आणि होडीचा मालक रोज खुर्ची घेऊन फाटकाशी येऊन बसायचा. एक शब्द बोलायचा नाही, नुसता बघायचा. वडील म्हणाले होते, "आता जन्मात विसरणार नाहीस." आणि आज एकोणसाठाव्या वर्षी, एका डोळ्याच्या भीतीने, ती विसरली होती. स्वतःचीच तिला इतकी चीड आली की पट्टीखाली डोळा ठणकायला लागला.

घड्याळात सव्वा वाजला होता. तिने नर्सला फोन लावायला सांगितला. भाच्याचा बंद. भाचेसुनेचा बंद. रंगाऱ्याचाही बंद. सगळे पेटीत, कुलपात, तिच्याच हुकमाने. नर्सने सहा वेळा प्रयत्न केला आणि मग म्हणाली, "मावशी, तुम्ही झोपा ना जरा."

"माझी पिशवी दे."

"चारच्या आत सोडता येत नाही. मी बाईंना काय सांगू?"

"सांग, पेशंट पळाला."

टॅक्सीवाल्याने पट्टी बघितली आणि गाडी हळू चालवायला लागला. आत्याने त्याला दोनदा दटावलं, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, कुणी सिरियस आहे का?"

"आहे. चाळीस माणसांची लाँच."

त्याने गाडी पळवली. वाटेत दोन सिग्नल लागले, एका ठिकाणी रस्ता खणलेला होता. आत्या न झाकलेल्या डोळ्याने घड्याळ बघत होती, आणि तो डोळा होता निम्मा मोतीबिंदूचा, म्हणजे काटे कुठे आहेत हे तिला अंदाजानेच कळत होतं. भाचेसून पाचरींना हात लावणार नाही, हे तिला माहीत होतं. सांगितलेल्याच्या बाहेर जायची नाही ती. अकरा वर्षांत कधी गेली नव्हती. आत्याला पहिल्यांदाच त्या आज्ञाधारकपणाचा संताप आला.

कारखान्याच्या फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा अडीचला पाच मिनिटं कमी होती. पाणी नुकतंच पुरं चढून थांबलेलं असणार. आत्ताच्या आत्ता पाचरी काढल्या तर जमेल, जेमतेम जमेल, असं मनाशी म्हणत ती पिशवीसकट शेडमधून धावली आणि धक्क्यावर आली.

रूळ रिकामे होते. गाडा पाण्याखाली गेलेला होता. लाँच त्याच्यापासून दोन हात दूर, हिरव्या पाण्यावर सरळ उभी, आणि भाचेसून दोराच्या टोकाशी पाय रोवून तिला धक्क्याकडे वळवत होती.

"अगं पण..." आत्या पुढे झाली.

"बाजूला व्हा," भाचेसून मान न वळवता म्हणाली. "दोर ताणलाय."

तीस वर्षांत या शेडमध्ये आत्याला कुणी बाजूला व्हायला सांगितलं नव्हतं. रंगाऱ्याचा हात बादलीत तसाच राहिला. भाचा लाँचच्या इंजिनघरातून डोकं बाहेर काढून बघायला लागला. आत्या बाजूला झाली. भिंतीला पाठ लावून, पिशवी पोटाशी धरून उभी राहिली, दोर खुंट्याला तीन वेढे पडेपर्यंत.

"मी सांगत होतो हिला," भाचा उतरून आला. "आत्याने तीन सांगितलंय, तीनपर्यंत थांब म्हणून. दोनलाच पाचरी काढायला लावल्या. ऐकतच नाही."

"तुला कुणी सांगितलं सव्वादोन?" आत्याने भाचेसुनेला विचारलं.

"कुणी नाही." तिने साडीला हात पुसले. "काल पाणी दीडला होतं. आज एकदम तीनला कसं येईल? रोज पाऊणच तास सरकतं ना. कॅलेंडरमध्ये तृतीया नव्हती, पण पाण्यात असणारच."

आत्याने पिशवी खाली ठेवली. "मग काल संध्याकाळीच का नाही बोललीस?"

भाचेसुनेने भाच्याकडे बघितलं, रंगाऱ्याकडे बघितलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचे हात थरथरत होते, आत्या. म्हटलं, त्यात आणखी हे कशाला."

आत्याला राग यायला हवा होता. तिने थोडी वाटही बघितली, पण तो आला नाही. या शेडपायी तिने किती ताप अंगावर काढले होते, मोडलेलं मनगट बांधून दोर ओढला होता. दरवेळी वाटायचं, आपण एक दिवस पडलो तर सगळं बुडालं. आज एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा तिच्या मनात आलं, की आता आजारी पडलं तरी चालेल. आणि असं वाटल्याबरोबर दोन रात्रींची झोप तिच्या अंगावर आली.

लाँचचं इंजिन तपासायचं होतं, पलीकडे फोन करायचे होते, संध्याकाळपर्यंत पुरेल इतकं काम समोर पडलं होतं. आत्या भाच्याला म्हणाली, "मला घरी सोड. इथलं ही बघेल."